बातमीचा सातबारा



या व्याख्यानासाठी वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मला दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या एका माणसाबद्दल बोलायचंय. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चालेल की. पण तासभर पुरेल का?" पुरेल की नाही ते आता तुम्हीच ठरवा. मधूनच उठून जायची सासवडकरांना मुभा आहे. चहा मागच्या पडवीत आहे असं कळतं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं नाही ही त्यांचीच ताकीद. म्हणून मागच्या फलकावरही नुसतं 'गुरुजी' एवढंच लिहिलेलं आहे. मी तोच नियम पाळतो. पण मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय, तो आमच्या आयुष्यात आला तो गुरुजींच्या घरातूनच. गुरुजींचं घर, घरातला शटरवाला टीव्ही आणि टीव्हीतले प्रदीप भिडे. त्यातला एक काढला तर बाकीचे दोन मला आठवायला त्रास होतो.

प्रदीप भिडे ७ जून २०२२ रोजी गेले. सत्तरच्या दशकात ते मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचू लागले आणि जवळजवळ चार दशकं वाचत राहिले. आता तुमच्यातला एखादा जाणकार म्हणेल, ते बातमीदार कुठे होते, ते तर वृत्तनिवेदक. बातमी आणणारा वेगळा, वाचणारा वेगळा. बरोबर आहे. पण आम्हा पोरांना हा फरक ठाऊक नव्हता. आमच्या लेखी दिवसभर महाराष्ट्रात जिथं जिथं काही घडलं तिथं तिथं भिडे स्वतः जाऊन यायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन आमच्यासमोर बसायचे.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीनंतरचं देशातलं ते दुसरं केंद्र. बरोबर वर्षानं सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झालं आणि पुणं आणि आसपासचा मुलूख मुंबईतल्या वरळीच्या या केंद्राला जोडला गेला. तान्हाजी मालुसऱ्यांच्या गडावर टीव्हीचा मनोरा, हे काही जुन्या माणसांना रुचलं नव्हतं. आम्हाला मात्र सिंहगड नक्की कुठल्या दिशेला आहे हे शाळेतल्या नकाशापेक्षा अँटिनानं जास्त पक्कं शिकवलं. वारा सुटला की कौलावर एकजण चढायचा, दारात एकजण उभा राहायचा, आणि आत बसलेल्यांचा कोरस. "आला, आला! गेला. मागं फिरव. मुंग्या आल्या!" गुरुजींच्या टीव्हीपुढं निळसर प्लास्टिकचा पडदा लावलेला असे. त्यामुळं भिडे, मंत्री, पूर आणि ऊस, सगळंच निळं. पोस्टातून काढलेला टीव्हीचा परवाना काकूंनी देवांच्या फोटोमागं खोचून ठेवला होता.

गुरुजी तिकीट लावत नसत, पण फुकटही बसू देत नसत. बातम्या संपल्या की ऐकलेल्यातले पाच शब्द वहीत लिहून दाखवायचे, आणि म्हणून दाखवायचे. म्हणून दाखवणं महत्त्वाचं. गुरुजींचं म्हणणं असं की आपली लिपी मराठी माणसाची एका बाबतीत फसवणूक करते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, म्हणायला दोन. 'चार' माणसं आणि गुरांना 'चार', तेच. 'संस्था' लिहायचं आणि 'सौंस्था' म्हणायचं, 'सिंह' लिहायचं आणि ओठ किंचित मिटून 'सिंव्ह' म्हणायचं. पुस्तक हे शिकवू शकत नाही, त्याला माणूसच लागतो. त्यासाठी गुरुजींनी वरळीत बसलेला माणूस निवडला. "ऐका तो ज कसा म्हणतो," म्हणायचे. "जिल्हा आणि जमीन. दोन्ही ज निराळे. जीभ कुठं लागते बघा." टीव्हीतल्या माणसाची जीभ कुठं लागते हे बघायला आम्ही खरोखर पुढं सरकून बसायचो.

'व्यत्यय' हा शब्दही तिथलाच. चित्र गेलं की पाटी यायची. गुरुजींनी अर्थ विचारला. कुणालाच येईना. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "व्यत्यय म्हणजे तुम्ही पोरं."

आता पालखीची गोष्ट. हीच सांगायला मी मुळात आलोय. बाकीचं थोडं मागंपुढं झालं तरी चालेल.

१९८० चा आषाढ. मी दहा वर्षांचा. ज्ञानोबामाउलींची पालखी पुण्याहून निघाली की दिवे घाट चढून रात्री सासवडला येते आणि इथं दोन रात्री मुक्काम करते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी वडील मला घाटात घेऊन गेले. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, बैलांच्या तोंडाला फेस, मागंपुढं टाळांचा एकच कल्लोळ. आणि त्या सगळ्या गर्दीच्या पुढं एक माणूस उलटा चालत होता. पालखीकडं तोंड करून, मागं न बघता, घाट चढत. खांद्याला कॅमेरा. मला तो वेडा वाटला.

पुढच्या वळणावर तो दगडावर टेकला होता. मांडीवर काळी कापडी पिशवी, तिला दोन बाह्या. बाह्यांतून त्यानं दोन्ही हात आत घातले होते आणि वर आभाळाकडं बघत आत काहीतरी चाचपत होता. पिशवीत कोंबडी धरल्यासारखी ती पिशवी हलत होती. मी टक लावून बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "फिल्म बदलतोय, बाळ. उजेड लागला तर माउली जळतील." मग पिशवीतून एक चपटा गोल डबा बाहेर आला. त्यानं त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, पेननं काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्याला किल्ली दिली, घड्याळाला देतात तशी. किल्ली दिली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो चाले, पुन्हा किल्ली. वडिलांनी त्याला आमच्या तांब्यातलं पाणी दिलं. हा डबा उद्या सकाळी डेक्कन क्वीननं मुंबईला जाणार, तिथं धुतला जाणार आणि संध्याकाळी बातम्यांत दिसणार, असं तो म्हणाला. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही. दहा वर्षांच्या मुलानं विचारायला हवं असंही नाही, पण वडिलांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी गावातच. गुरुजींच्या पडवीत परभणीकडची एक दिंडी उतरली होती. चुली, ओली धोतरं, पायाला लावायच्या तेलाचा वास. दिवेलागण झाली. गुरुजींनी शटर सरकवलं, टीव्ही तापेपर्यंत सगळे दाटीवाटीनं बसले. वारकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी टीव्ही पहिल्यांदाच बघितला असावा. काही म्हातारे दारातच उभे राहिले. आत यायला पाय चिखलाचे आहेत म्हणून.

मंत्र्यांचं काहीतरी झालं, धरणाचं झालं. आणि मग घाट आला. आमचा घाट! बैलांची डोकी, पताका, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया. निळ्या उजेडात सगळे धावत होते, उड्या मारत होते, टाळ एकमेकांवर आपटत होते, पण आवाज नव्हता. फिल्म मुकी होती. चित्रावर नुसता एक शांत आवाज, पालखी सासवड मुक्कामी असल्याचं सांगणारा. टीव्हीतल्या टाळांना आवाज नाही, आणि त्याच क्षणी बाहेर बोळातून दुसऱ्या एका दिंडीचे खरेखुरे टाळ ऐकू येत होते. चित्र आत, आवाज बाहेर. दोन्हीचा ताल अर्थातच जुळत नव्हता. पण दहा-वीस सेकंद असं वाटलं की जुळतोय.

पडवीतली एक आजी पुढं सरकली. म्हणाली, "हे कोन बोलायलंय? दिंडीतला हाय का?"

"नाही आजी. ते मुंबईत बसलेत."

"मंग त्याला कसं कळालं, आपण हितं हाव म्हून?"

शाळेत कुणी प्रश्न विचारला की गुरुजी लगेच उत्तर देत. त्या दिवशी मात्र थांबले. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हा पोरगा काल त्या माणसाला भेटलाय, ज्यानं कळवलं." आजीनं माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं आणि मला नमस्कार केला. मला! मी लाजून दाराबाहेर पळालो.

'सासवड' हा शब्द भिड्यांच्या तोंडून कसा आला ते मला आजही म्हणून दाखवता येतं. दोन्ही स स्वच्छ, व हलका, ड वर जराही जोर नाही. एरवी आम्ही स्वतः 'सासोड' म्हणायचो. रोज ज्या गावाच्या धुळीत लोळतो त्याचं नाव परक्यानं नीट घेतलं की ते गाव एकदम इस्त्री करून घडी घातल्यासारखं वाटतं.

आता खरी अडचण सांगतो. माझी थोरली बहीण त्या संध्याकाळी तिथंच होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं म्हणणं, त्या दिवशी भिडे नव्हतेच. अनंत भावे होते. "दाढी होती रे," म्हणते, "मला स्पष्ट आठवतंय, आजीनं दाढीवरून तर त्यांना दिंडीतला समजलं." तिचा मुद्दा जोरकस आहे हे मी मान्य करतो. चाळीस वर्षं आम्ही दोघं यावर भांडतोय. राखीपौर्णिमेला, बारशाला, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर बसून.

तिच्या बाजूनं बोलायचं तर, बातम्या एक माणूस कुठं वाचत होता? मुंबई दूरदर्शनवर पहिल्या बातम्या वाचल्या विश्वास मेहेंदळे यांनी. भक्ती बर्वे होत्या, ज्या पुढं नाटकातली मंजुळा म्हणून घराघरांत पोचल्या. भावे होते, जे एरवी मुलांसाठी इतकं खोडकर लिहीत, आणि बातम्यांना बसले की इतके गंभीर होत. चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर, वासंती वर्तक. आणि काही काळ स्मिता पाटील, जी जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायची म्हणतात. कॅमेऱ्याला काय, कमरेवरचंच दिसतं. तिथंच श्याम बेनेगलांच्या नजरेला ती पडली. १९८६ च्या डिसेंबरात स्मिता गेली, ३१ वर्षांची. जिथं बसून ती बातम्या वाचायची त्याच मराठी बातम्यांत तिची बातमी आली. ती कुणी वाचली? मी म्हणतो भिडे. ताई म्हणते बाईचा आवाज होता, आणि तो शेवटी किंचित सैल पडला होता. इथंही ताईचंच खरं असावं अशी मला शंका आहे, पण तिला ते मी सांगितलेलं नाही. हे भाषण छापून येणार आहे हे आत्ता लक्षात आलं.

म्हणजे माझ्याकडून झालंय काय, तर बालपणी ऐकलेली सगळीच्या सगळी बातमी मी एका माणसाच्या नावावर चढवून टाकलीय. गावात हे नवीन नाही. जमीन कसतात चार जण, सातबाऱ्यावर नाव एकाचं. तलाठी विचारतो, वहिवाट कुणाची? गाव म्हणतं, नाव ज्याचं आहे त्याचीच म्हणा. आमच्या पिढीनं मराठी बातमीचा सातबारा भिड्यांच्या नावावर केला. उलटा चालणारा तो कॅमेरावाला, वरळीत फिल्म धुणारा, ती कापून जोडणारा, भिड्यांच्या पुढ्यातला कागद लिहिणारा संपादक, ही माणसं फार तर 'इतर हक्क' या रकान्यात.

यात भिड्यांचा दोष नाही. उलट नाव चढवायला जागा त्यांनीच ठेवली होती असं मला वाटतं. ते स्वतः त्या बातमीत मावतच नव्हते. समोरचा कागद वाचायचे, वाक्याच्या शेवटी नजर वर उचलायचे, पुन्हा कागद. त्यांना पूर बघून काय वाटलं, अर्थसंकल्प बघून काय वाटलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. माणूस इतका रिकामा बसला की आपण त्यात हवं ते भरू शकतो. गुरुजींनी त्यात शुद्ध मराठी भरली. मी दिवे घाट भरला.

गुरुजींच्या शेजारच्या घरात त्यांचे चुलतभाऊ राहायला आले, त्यांनी काय भरलं तेही सांगतो. ते मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काही महिन्यांनी ते एक ट्रंक घेऊन सासवडला आले. दोन-चार आठवडे राहायचं म्हणून. रोज संध्याकाळी ते टीव्हीसमोर, पण आमच्यासारखे पुढं नाही, भिंतीला टेकून. बोलत नसत. एकदाच म्हणाले, "ह्या मनोऱ्याच्या जवळच आमची गिरणी. रात्रपाळी सुटली की त्याचा लाल दिवा दिसतो." ज्या जागेवरून भिडे बोलत होते, ती जागा आमच्यात फक्त त्यांनी बघितलेली होती. त्यांना भिड्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, संप मिटला. बातम्या संपल्या की ते उठून लुंगी झटकायचे आणि जायचे. आठवडे गेले, महिने गेले, पुढं त्यांनी सीताफळांच्या बागेत राखणीचं काम धरलं. तरी संध्याकाळी यायचे. ती बातमी आली नाही, कारण तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. कुठलाही निवेदक, कितीही चांगल्या आवाजाचा, ती बातमी वाचूच शकला नसता.

गुरुजींचं प्रेम आंधळं नव्हतं. दूरदर्शन तेव्हा थेट सरकारच्या खात्याचं. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात आला १९९७ मध्ये. सगळं गोड चाललंय असं सांगणारा कागद आणि गोदावरीच्या पुराचा कागद, दोन्ही वाचणारा आवाज एकच. गुरुजी आणीबाणीतही टीव्हीवर नजर ठेवून असत आणि नंतर आम्हाला सांगत, "उच्चार यांच्याकडून घ्या. मजकुराचं मी आणि तुमचे वडील बघून घेऊ." त्या आवाजाबद्दलची माझी सगळी माया जागेवर ठेवूनही सांगतो, हे वाक्य मला आजही फार उपयोगी पडतं.

गुरुजी गेले १९९५ मध्ये, दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला तेव्हा अजून 'सह्याद्री' हे नावही मिळालं नव्हतं. शेवटच्या महिन्यांत त्यांना दिसत कमी होतं. रंगीत टीव्ही आला होता, खासगी वाहिन्या येत होत्या, गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "हा ज चुकला." कुणाचा ते सांगायचं नाही. बातमी कुठली तेही विचारायचे नाहीत.

७ जून २०२२ ला ताईचा नागपूरहून फोन आला. "भिडे गेले," म्हणाली. भाव्यांचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. दोन आठवड्यांनी पालखी निघाली. करोनामुळं दोन वर्षं माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. पायी वारी पुन्हा सुरू होत होती, म्हणून ताई खास आली. घाटात जाणं आता आम्हा दोघांच्याही गुडघ्यांना झेपत नाही. आम्ही गुरुजींच्याच पडवीत बसलो. घर आता त्यांच्या नातवाकडं आहे. त्याची मुलगी, सहा-सात वर्षांची, मोबाइलवर पालखीचं थेट प्रक्षेपण लावून आमच्यामध्ये बसली. वरून उडत्या कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्र, घाट हिरवागार, रंग एकदम खरे आणि आवाज तर इतका स्वच्छ की चिपळ्या वेगळ्या ऐकू येतात. निवेदक पोरगा धापा टाकत बोलत होता, मी इथं, मी तिथं, माझ्या मागं बघा.

रात्री पालखी पेठेत शिरली. बोळाच्या तोंडाशी टाळ वाजले आणि आम्ही मान वळवली. पोरीनं मोबाइलकडं बघितलं. मोबाइलमध्ये अजून टाळ वाजले नव्हते. पाच-सात सेकंदांनी तेच टाळ मोबाइलमध्ये वाजले. पुन्हा बाहेर वाजले, पुन्हा थोड्या वेळानं आत. तिला गंमत वाटली. ती बाहेरच्या टाळाला एक बोट उचलायची आणि मोबाइलमधला टाळ वाजेपर्यंत खाली आणायची नाही.

ताई बराच वेळ ते बोट बघत होती. मग मला म्हणाली, "दाढी होती."

मी म्हटलं, "नव्हती."